तिसरी सभा

माझं जे काही शिक्षण झालं, त्यातलं निम्मं आकाशवाणीच्या तिसऱ्या सभेत झालं. आकाशवाणीच्या दिवसाच्या सभा तीन: सकाळची, दुपारची आणि संध्याकाळची. ही संध्याकाळची सभा दिवेलागणीच्या आधी उघडायची आणि रात्री अकरा वाजून गेल्यावर संपायची. शाळा-कॉलेजचं ऋण मी मानतेच, पण तिथं फी भरली होती आणि हजेरी लागत होती. तिसऱ्या सभेला मी फुकट बसले, तेही दुसऱ्याच्या घरात, दुसऱ्याच्या रेडिओपुढे. ज्यांनी बसू दिलं ते आता हयात नाहीत. ज्यांनी त्या संध्याकाळी आखल्या, लिहिल्या, बोलून आणि वाजवून सजवल्या, त्यांतल्या बहुतेकांना मी कधी पाहिलंही नाही.

ते घर मिरजेत, सतारमेकर गल्लीत. आमच्या वाड्याच्या भिंतीला भिंत लागून चाचांचं घर होतं. मिरजेतली ही सतार-तंबोऱ्यांची कारागिरी एकोणिसाव्या शतकातली. हत्यारांना धार लावणारी शिकलगार मंडळी संस्थानी काळात वाद्यांकडे वळली; फरीदसाहेबांचं नाव त्यांत पहिलं घेतात. चाचा त्याच परंपरेतले. पुढच्या खोलीत कारखाना, मागं बिऱ्हाड. आढ्याला पंढरपूरच्या बाजूनं आलेले वाळके भोपळे टांगलेले असत, कोपऱ्यात लाकडाचे दांडे उभे, सगळीकडे लाखेचा वास, आणि हत्यारांच्या फळीच्या वरच्या फळीवर फिलिप्सचा लाकडी रेडिओ. आमच्याकडे रेडिओ नव्हता. वडिलांच्या पगारात तो बसत नव्हता, शिवाय दरवर्षी पोस्टात लायसन्सचे पैसे भरायचे ते वेगळेच. चाचांनी मात्र १९६३ साली सांगली केंद्र सुरू झालं आणि तो घेतला. केंद्र एवढं दाराशी आल्यावर आपण कान बंद ठेवायचे का, असं ते म्हणाल्याचं चाची सांगायच्या.

रेडिओ व्हॉल्व्हचा. बटण फिरवल्यावर आधी नुसता दिवा लागायचा आणि आवाज यायला अर्धं मिनिट तरी जायचं. तेवढ्यात मी भुश्श्यातून जागा करून बसून घेई. सभा उघडताना ती संकेतधून वाजे, जी आपल्या तीन पिढ्यांना पाठ आहे. तिच्या कर्त्याचं नाव मला फार उशिरा कळलं, म्हणून इथं आधी त्याचं ऋण. वॉल्टर कॉफमन. १९०७ साली कार्ल्सबाडला जन्मलेले हे ज्यू संगीतकार नाझींच्या छायेतला युरोप सोडून १९३४ साली मुंबईत आले आणि पुढं मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचे प्रमुख झाले. मुंबईत त्यांनी व्हायोलिनवादक मेहली मेहता आणि इतर मंडळींना जमवून चेंबर म्युझिकचा संच उभा केला. त्या संगीताला थाटमाट लागत नाही. चार-पाच वाद्यं, दिवाणखान्याएवढी जागा, आणि एकमेकांकडे कान देऊन वाजवणारी माणसं असली की झालं. १९४६ मध्ये कॉफमन हिंदुस्थान सोडून गेले. त्यांच्या धुनेत वर व्हायोलिन आहे आणि खाली तंबोरा. घर सुटलेल्या त्या माणसानं आपल्या सुराला टेकायला आमचं वाद्य निवडलं, ही गोष्ट मला आजही हलवून जाते. चाचांना यातलं काही ठाऊक नव्हतं. धून सुरू झाली की ते एवढंच म्हणत, “तंबोरा नीट लावलाय.” त्यांच्या तोंडी याहून मोठी दाद नव्हती.

सातला मुंबईहून प्रादेशिक बातम्या. त्या संपल्या की गल्लीतली मोठी माणसं उठून जात आणि मग खरी संध्याकाळ आमची असे. शेतीचा कार्यक्रम, कधी कीर्तन, कधी पत्रोत्तर, आणि आठच्या पुढं कुठंतरी एखादं भाषण.

आकाशवाणीवरचं भाषण हा प्रकार आता कुणाला समजावून सांगावा लागतो. सभेतल्या भाषणासारखं ते नसे. दहा मिनिटं, एक विषय, एक माणूस. प्राध्यापक, डॉक्टर, वनाधिकारी, शेतकी खात्यातले कुणी, एखाद्या शाळेच्या मुख्याध्यापिका. माणूस एकट्याशी बोलावं तसा बोले. आम्हां दहा वर्षांच्या मुलांशी त्या सुरात बाकी कुणी बोलत नसे. घरी आज्ञा असत आणि शाळेत प्रश्नोत्तरं.

एका भाषणाचं तर माझ्यावर, माझ्यावर कशाला, सगळ्या गल्लीवर ऋण आहे. ११ डिसेंबर १९६७ ची पहाट. कोयनानगरला भूकंप झाला. तिकडे सुमारे पावणेदोनशे माणसं गेली. मिरजेत आमच्या फळीवरची भांडी खाली आली आणि चाचांच्या आढ्याचे भोपळे एकमेकांवर आपटले. माणसं अंथरुणावरून थेट रस्त्यावर आली. उजाडेपर्यंत बातमी पसरली की कोयनेचं धरण फुटलं आणि पाणी कृष्णेतून येतंय. पानशेत फुटून सहाच वर्षं झाली होती, त्यामुळे ही अफवा खोटी मानायला कुणी धजत नव्हतं. धरणाला तडे गेले होते पण ते उभं होतं, हे रेडिओवर सांगूनही लोक पुढचे कित्येक दिवस बाहेर झोपत होते. डिसेंबरची थंडी, आणि त्यात मधूनमधून बारीक धक्के.

त्या दिवसांत एका संध्याकाळी भूगर्भशास्त्राच्या एका प्राध्यापकांचं भाषण लागलं. चाचांच्या खोलीत त्या दिवशी उभं राहायला जागा नव्हती. प्राध्यापकांनी सुरुवात आपल्या पायाखालच्या दगडापासून केली. दख्खनचा काळा खडक कसा झाला, लाव्ह्याचे थर एकावर एक कसे साचले, हा प्रदेश आजवर स्थिर का मानला गेला. मग जमिनीत ताण कसा साठतो आणि सुटतो. मोठा धक्का बसून गेल्यावर लहान धक्के येत राहतात, काही महिनेसुद्धा येतील, ते येणं हा जमीन पुन्हा स्थिरावण्याचाच भाग आहे, असं त्यांनी सांगितलं. धरणाच्या पाण्याचा भूकंपाशी संबंध आहे का, हे शास्त्रज्ञ तपासताहेत, आज छातीठोक उत्तर देता येणार नाही, हेही त्यांनी तितक्याच शांतपणे सांगितलं. त्यांचा आवाज एकदाही चढला नाही. भाषण संपल्यावर खोलीत कुणी बोलेना. मग चाचा चाचींना म्हणाले, “बिछाना आत घाल.” त्या रात्री गल्लीतली निम्मी घरं आत झोपली. ज्ञानानं भीती जाते हे वाक्य मी पुढं पुष्कळ ठिकाणी वाचलं. ते होताना मी त्या दिवशी पाहिलं.

पुढं आकाशवाणीत काम करू लागल्यावर त्या दहा मिनिटांमागची मेहनत कळली. दहा मिनिटांना साधारण अकराशे ते बाराशे शब्द. संहिता आधी मागवायची, तपासायची, लांब वाक्यं तोडायला सांगायची. कागद एकाच बाजूनं लिहिलेला आणि सुटा हवा, टाचणी नको, कारण पान उलटल्याचा आवाज माइकला लगेच लागतो; वाचलेलं पान अलगद उचलून बाजूला ठेवायचं. आणि सगळ्यांत अवघड काम म्हणजे विद्वान माणसाला नम्रपणे सांगायचं की सर, वाचू नका, सांगा. हे सांगणाऱ्या कार्यक्रम अधिकाऱ्याचं नाव कुठंही जाहीर होत नाही.

रेडिओ आपला बोलत सुटतो, ऐकणाऱ्याला तोंड नसतं, असं कुणी म्हटलं की मला १९५६ सालचा पुणे केंद्राचा प्रयोग आठवतो. युनेस्कोच्या मदतीनं सुमारे दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रोतामंडळं बसवली होती. कार्यक्रम ऐकायचा, त्यावर गावात बसून चर्चा करायची आणि प्रश्न केंद्राला कळवायचे, की पुढच्या कार्यक्रमात उत्तर मिळायचं. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या वतीनं पॉल न्यूराथ यांनी त्याचा अभ्यास केला आणि पुढं हीच पद्धत देशभर नेली गेली. चाचांची पुढची खोली हेही आमचं श्रोतामंडळच होतं, फक्त कुठल्या कागदावर त्याची नोंद नव्हती.

भाषण दहा मिनिटांचं म्हणून ठरलेलं असलं तरी बोलणारा सव्वानऊ मिनिटांत थांबे. उरलेल्या वेळात वाद्यसंगीत लावत. आकाशवाणीत त्याला फिलर म्हणतात. सतार, सरोद, व्हायोलिन, बासरी, कशाचाही एक तुकडा सुरू होई आणि पुढच्या कार्यक्रमाची वेळ झाली की हळूहळू विरून जाई. चाचा संध्याकाळभर वाट बघत ती या तुकड्यांची. हातातली कानस थांबे. “खुली जवारी आहे. रविशंकरांच्या बाजूचा कुणीतरी.” किंवा, “बंद जवारी. विलायत खाँसाहेबांना ऐकून वाजवतोय.” एवढं बोलून होतं न होतं तोच तुकडा संपलेला असे. माझे कान त्या पाऊण-पाऊण मिनिटांनी तयार केले.

जवारी म्हणजे काय, हे त्यांनी मला दाखवलं त्या संध्याकाळचं सांगते. तंबोऱ्याच्या तारा ज्या घोडीवरून जातात ती घोडी दिसायला सपाट, पण तिच्या पाठीला अगदी बारीक उतार असतो. तार त्या उतारावर घासत थरथरली पाहिजे. उतार कमी पडला तर सूर मुका, जास्त झाला तर नुसती खरखर. चाचांनी घोडीवरून कानस दोनदा फिरवली, फुंकर मारली, तार चढवली, छेडली, पुन्हा उतरवली. असं कितीतरी वेळ. मग सुताचा एक धागा घेऊन तार आणि घोडी यांच्यामध्ये सरकवला आणि केसाएवढा पुढं-मागं करत राहिले. एका ठिकाणी तो धागा आला आणि त्या एका तारेतून एकाएकी अनेक सूर बाहेर पडले, वरचे, त्याच्याही वरचे, जसे काही आत दडून बसलेले. “आता ती बोलली,” चाचा म्हणाले. त्यानंतर रेडिओवर गाणं लागलं की मी आधी तंबोरा शोधू लागले. मिडियम वेव्हवर वरचे सूर कापले जातात, त्यात तो लहानसा कर्णा. तरीही सवयीनं ऐकू येई.

शनिवारी रात्री साडेनऊला दिल्लीहून संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सगळी केंद्रं सहक्षेपित करत. तो सुरू झाला २० जुलै १९५२ ला. त्या वर्षी नभोवाणी खात्याचे मंत्री झालेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे मराठी माणूस. सिनेसंगीताला त्यांनी आकाशवाणीचं दार लावून घेतलं, श्रोते रेडिओ सिलोनकडे गेले, आणि अखेर १९५७ साली विविध भारती काढावी लागली. त्या हट्टाबद्दल त्यांना बोल लावणाऱ्यांशी माझं भांडण नाही. सिनेगीतंही माझीच आहेत. पण दर शनिवारी रात्री दीड तास एकाच कलावंताला द्यायचा आणि तो कन्याकुमारीपासून काश्मीरपर्यंत ऐकवायचा, हा निर्णय ज्या काळात झाला त्या काळाची मी ऋणी आहे. मिरजेच्या गल्लीतल्या मुलीला बनारसचं, धारवाडचं, कलकत्त्याचं गाणं दुसऱ्या कुठल्या वाटेनं मिळणार होतं? दाक्षिणात्य संगीत लागलं तरी चाचा रेडिओ बंद करत नसत. वीणेची घोडी कशी असेल यावर एकदा त्यांनी सबंध रात्र विचार केला होता.

चाचांनी लहानपणी दर्ग्याच्या उरुसात अब्दुल करीम खाँसाहेबांना ऐकलं होतं. खाँसाहेब मिरजेचे झाले होते, १९३७ साली त्यांचं निधन झालं, आणि त्यांच्या स्मरणार्थ मिरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाच्या वेळी अजून संगीतसभा भरते. वाद्यं दुरुस्त करण्यात खाँसाहेब स्वतः वाकबगार होते, म्हणून गल्लीत त्यांचं नाव घेताना गायकाइतकाच कारागिराचाही मान असे. खाँसाहेबांच्या किराणा घराण्याचं गाणं रेडिओवर लागलं की चाचा पाय दुमडून बसत.

त्या गाण्याला साथीला सारंगी असे, कारण हार्मोनियम आकाशवाणीवर १९४० पासून बंद होती. १९७१ नंतर ती टप्प्याटप्प्यानं परत आली. पेटीचे सूर ठरावीक जागी पक्के, त्यांना मींड नाही, श्रुती नाहीत, हा त्या बंदीमागचा विचार. पेटीवाल्यांवर त्यात अन्याय झाला असं मला वाटतं. पण त्याच वर्षांत केंद्रांनी सारंगियांना नोकऱ्या दिल्या आणि एक मरू घातलेलं वाद्य जगलं, हेही तितकंच खरं. गाणं संपल्यावर उद्घोषक साथीदारांची नावं घेत. ती पूर्ण ऐकल्याशिवाय चाचा कुणाला उठू देत नसत. सारंगीवर कोण, तबल्यावर कोण. आणि त्याआधी त्यांचा आणखी एक नियम होता. गायकानं शेवटची सम गाठली, तबला थांबला, आणि कुणी ‘वा’ म्हणायला तोंड उघडलं की चाचांचा हात वर जाई. “थांब बेटा. अजून तंबोरा बोलतोय.” आणि खरंच, सगळे थांबल्यावर तंबोरा उरलेला असे, दोन आवर्तनं, कधी तीन. तो थांबला की हात खाली.

आता हसण्याबद्दल. मराठी माणसाला रेडिओनं किती हसवलं याचा हिशेब कुणी मांडलेला नाही. मुंबई केंद्राच्या ‘प्रपंच’ आणि ‘पुन्हा प्रपंच’मधले बाळ कुडतरकरांचे पंत, नीलम प्रभूंच्या मीनावहिनी आणि प्रभाकर जोशींचे टेकाडे भावजी ही माणसं लोकांना आपल्या नात्यातली वाटत. पुण्याला पु. ल. देशपांडे आणि व्यंकटेश माडगूळकर आकाशवाणीच्या नोकरीत होते. मोठ्या लेखकांनी त्या काळात ऐकण्यासाठी लिहिलं, त्याचा परिणाम आमच्या कानांवर झाला. (गीतरामायणाबद्दल इथं लिहीत नाही. त्याचं ऋण सगळ्या महाराष्ट्रानं मानलं आहे आणि ते माझ्या जन्माआधीचं आहे.)

आमच्या संध्याकाळी श्रुतिका लागे ती अर्ध्या तासाची. एकाच बिऱ्हाडात एकाच आडनावाचे दोन पाहुणे उतरतात, एक मुलगी बघायला आलेला आणि एक थकलेल्या उधारीसाठी आलेला, आणि यजमान दोघांचा घोळ करतात, अशा धर्तीचं काहीतरी. मला त्यातलं घर स्वच्छ दिसे. डाव्या हाताला दार, दाराला कडी, मग जिना, जिन्याची तिसरी पायरी करकरणारी, वर माजघर. कपबशी किणकिणली की चहा कुणापुढं ठेवला तेही दिसे. पुढं पहिल्यांदा नाट्य-स्टुडिओत पाऊल टाकलं तेव्हा ते दार मला भेटलं. चौकटीत बसवलेलं, कडी-कुलपासकट, आणि दोन्ही बाजूंना भिंत नाही. खोलीच्या मध्ये नुसतं दार उभं. शेजारी तीन पायऱ्या, कुठंच न जाणाऱ्या. घोड्याच्या टापांसाठी करवंट्या, ढगांच्या गडगडाटासाठी पत्रा. मी त्या दाराची कडी वाजवून पाहिली. आवाज ओळखीचा निघाला. लहानपणी मला जे वाडे, चाळी, बंगले दिसले होते त्या सगळ्यांचं दार असंच एक, आणि ते वाजवणारा कुणी ध्वनिसंयोजक, ज्याला संहितेच्या समासात फक्त ‘दार’, ‘कप’, ‘पाऊल’ एवढंच लिहून मिळत असे.

श्रुतिकेच्या वेळी चाची स्वयंपाकघरातून पुढं येत. त्यांची बोली दखनी, मराठी त्यांना कानानं येई. भिंतीच्या पलीकडे आमच्या ओट्यावर माझी आजी जपमाळ घेऊन बसलेली असे. ती चाचांच्या घरात कधी गेली नाही, तिच्या काळाची ती मर्यादा होती, आणि चाचांनी तिला कधी तसं म्हटलंही नाही. श्रुतिका लागली की ते मुकाट्यानं रेडिओजवळची खिडकी उघडत आणि आवाज वाढवत. विनोद आला की इकडे चाची आणि तिकडे आजी एकाच क्षणी हसत. पुढं दोघींची विहिरीवर ओळख वाढली ती ‘काल ते मेलं उधारीवालं काय बोललं’ इथून. आजीच्या अखेरच्या आजारात रोज पेज घेऊन आल्या त्या चाची.

महिन्याच्या चौथ्या गुरुवारी रात्री नाटकांचा अखिल भारतीय कार्यक्रम असे. एका भाषेतलं नाटक निवडायचं, बाकीच्या भाषांत त्याची रूपांतरं करायची, आणि एकाच रात्री एकाच वेळी प्रत्येक केंद्रानं ते आपल्या भाषेत सादर करायचं. म्हणजे मी मिरजेत बंगाली नाटक मराठीतून ऐकत असताना मद्रासला कुणी मुलगी तेच तमिळमधून ऐकत असणार. हे कळलं तेव्हा मला झोप लागली नव्हती. दुसऱ्या दिवशी वर्गात मी नकाशा काढून बसले.

भाषण, फिलर, गाणं, श्रुतिका, पुन्हा गाणं. यातलं काहीच मी मागितलेलं नव्हतं. भूगर्भशास्त्र ऐकायचं म्हणून कुणी दहा वर्षांचं पोर रेडिओ लावत नाही. हसायला बसलेल्याला आधी दगडांबद्दल ऐकावं लागे आणि दगडांसाठी बसलेल्याला सतार. आज प्रत्येकाच्या हातात हवं ते आणि हवं तेव्हा आहे, आणि मीही ते वापरते. पण आपल्याला काय आवडू शकतं हे आपल्या आधी दुसऱ्या कुणाला तरी ठाऊक असणं, आणि त्यानं ते आपल्यापुढं ठेवणं, यात एक माया आहे. कार्यक्रम अधिकारी तिमाहीचा तक्ता आखताना कुठल्या कलावंतानंतर कोण, कुठल्या भाषणानंतर हलकंफुलकं, हे ठरवत तेव्हा त्यांच्या मनात माझ्यासारखी कुणीतरी होतीच. तिचं नाव त्यांना ठाऊक नव्हतं, एवढंच.

ऐंशीच्या दशकात मी सांगली केंद्रावर नैमित्तिक उद्घोषक म्हणून जाऊ लागले. दोन जाड दारं, मधे हवा, आत गेलं की बाहेरचं जग तुटायचं. समोर क्यू शीट, हाताशी आवाज कमी-जास्त करणारा फेडर, बाजूला टेपची यंत्रं, ज्यांवर पाव इंच रुंदीची फीत सरसरत जाई. लाल दिवा लागला की आपण आणि आवाज. संगीताच्या ध्वनिमुद्रणानंतर पहिल्या दिवसापासून मी एक केलं. कलावंत थांबल्यावर फेडर लगेच खाली घेतला नाही. तंबोरा बोलून होईपर्यंत थांबले, मग कलावंताचं नाव, मग सारंगी, मग तबला, सगळी नावं पूर्ण. सेकंदांची ओढाताण असेच. पुढं सहक्षेपण असलं की दिल्ली कुणासाठी थांबत नाही. मग मी माझं बोलणं कमी केलं. पुढच्या कार्यक्रमाची माहिती एका वाक्यात सांगून टाकी.

चाचा तेव्हा थकले होते, कानस मुलाच्या हाती गेली होती, पण तिसरी सभा चुकत नव्हती. माझ्या आवाजाबद्दल ते मला काही बोलले नाहीत. एकदा मी दुपारी भेटायला गेले तर चाचींनी सांगितलं, “तुझा दिवस असला की ते आपला हात वर करत नाहीत.”

माझ्यापाशी आता द्यायला जे आहे ते तिथूनच आलेलं आहे, म्हणून तिथंच नेऊन देते. नव्यानं आवाजाच्या कामात येणारी मुलं शिकायला येतात. कुणी पॉडकास्ट करतं, कुणी बोलकी पुस्तकं, कुणी अजूनही आकाशवाणीत जातं. त्यांना मी शब्दोच्चार, श्वास, विराम शिकवते आणि मग एक दिवस मिरजेला घेऊन जाते. चाचांचा नातू आता गादीवर आहे. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून गल्लीत बघायला येणाऱ्यांची वर्दळ आहे, तरी तो आमच्यासाठी अर्धा दिवस मोकळा ठेवतो. मुलांचे फोन एका परातीत काढून घेतो, त्यांना भुश्श्यात बसवतो आणि घोडीवर कानस धरतो. धागा नेमका कुठं बसला हे मुलांनी सांगायचं, तो सांगत नाही. पहिल्या खेपेला बहुतेकांना काहीच वेगळं ऐकू येत नाही. तासाभरानं एखादी मान वर करते आणि मग बाकीच्यांनाही हळूहळू येऊ लागतं.

मागच्या वेळी निघताना त्यानं विचारलं, पुढची तुकडी कधी आणताय. भोपळे वाळून आलेले असतील तेव्हा आणा, दाखवण्यासारखं जास्त असतं. मी मार्च सांगितलाय.